शंका-समाधान: सन २००० आणि तुमच्या टेबलावरचा कॉम्प्युटर

१९९९ साल सरत आलंय. साल दोनच आकड्यांत ठेवणारे कॉम्प्युटर एक जानेवारीला २००० ऐवजी १९०० समजतील, ही ‘वायटूके’ची (इयर २००० ची) भीती सगळीकडे आहे, आणि वर्तमानपत्रांत तिच्यापायी विमानं कोसळण्याच्या आणि लिफ्ट मध्येच अडकण्याच्या गोष्टी येतायत. आमच्याकडे सांगली-सातारा भागातून आलेली पत्रं मात्र ठेवींच्या मुदती, उसाच्या नोंदी आणि जुन्या ४८६ (हे आतल्या प्रोसेसरच्या पिढीचं नाव) मशिनबद्दलची आहेत. बरंच आहे ते, कारण खरं काम तिथंच आहे. निवडक पत्रांना इथं उत्तरं देतो. आज्ञा छपाईच्या सोयीसाठी नागरीत दिल्या आहेत. मशिनवर त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

प्रश्न : माझा राजवाड्याजवळ टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास आहे. दोन ३८६, तीन ४८६ आणि एक पेंटियम अशी सहा मशिन आहेत. विक्रेता म्हणतो, सहाही बदला, नाहीतर एक जानेवारीला बंद पडतील. घरच्या घरी काही तपासता येईल का? (सातारा)

येईल, आणि एक रुपया खर्च करण्याआधी ते तपासाच. एक कोरी १.४४ एमबी फ्लॉपी आणि दर मशिनमागे अर्धा तास, एवढंच लागतं. बंद कुठलंच मशिन पडणार नाही. चुकली तर तारीख चुकेल.

घोळ कुठं आहे ते आधी समजून घ्या. कॉम्प्युटर बंद असताना वेळ सांभाळते ती मदरबोर्डावरची घड्याळाची चिप. आयबीएमनं १९८४ साली पीसी-एटीमध्ये मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही चिप बसवली आणि पुढं सगळ्यांनी तोच कित्ता गिरवला. या चिपमध्ये सगळी मिळून ६४ बाइट जागा, आणि त्यात वर्षासाठी फक्त दोन आकडे. शतकाचे दोन आकडे, म्हणजे ‘१९’, दुसऱ्या एका बाइटमध्ये ठेवलेले असतात आणि चिप त्यांना कधीच हात लावत नाही. ९९ चे ०० चिप आपसूक करते. १९ चे २० करायचं काम बायोसचं, म्हणजे मशिन सुरू होताना चालणाऱ्या, बोर्डावरच्याच एका चिपमधल्या प्रोग्रॅमचं. ज्या बायोसला हे शिकवलेलंच नाही तो एक जानेवारीला ‘१९’ आणि ‘००’ जोडून १९०० साल सांगतो. मशिन चालवणारी मूळ प्रणाली म्हणजे डॉस, आणि त्याचं कॅलेंडर सुरूच होतं १ जानेवारी १९८० ला. १९०० त्याला झेपत नाही, आणि तो ४ जानेवारी १९८० ही तारीख दाखवून मोकळा होतो. ही तारीख लक्षात ठेवा, या दुखण्याची ती खूण आहे.

आता तपासणी. डॉस प्रॉम्प्टवर ‘फॉरमॅट ए: /एस’ देऊन बूट होणारी फ्लॉपी बनवा. तारीख आणि वेळ बदलायच्या आज्ञा डॉसच्या पोटातच असतात, त्यामुळे फ्लॉपीवर आणखी काही टाकायला नको. मागची सरकपट्टी सरकवून तिला राइट-प्रोटेक्ट करा. क्लासच्या सहा मशिनमधून एकच फ्लॉपी फिरणार, एका मशिनमधला बूट व्हायरस बाकीच्या पाचांत जायला नको. फ्लॉपी घालून मशिन सुरू करा. ती न वाचता मशिन सी ड्राइव्हवरून सुरू झालं तर सेटअपमध्ये जाऊन बूट क्रम आधी ए, मग सी असा करा. हार्ड डिस्कवरून सुरू करून ही तपासणी करू नका. तारीख पुढं गेली की मुदतीची ट्रायल सॉफ्टवेअरं स्वतःला कुलूप लावून घेतात, आणि नंतर तारीख मागं आणली तरी त्यांतली काही उघडत नाहीत.

फ्लॉपीवरून सुरू झालं की मशिन तारीख विचारेल. इथं बरेच जण अडतात. नुसत्या फ्लॉपीवरचा डॉस अमेरिकन पद्धतीनं आधी महिना मागतो. ३१-१२-१९९९ दिलंत तर ‘इन्व्हॅलिड डेट’ म्हणेल, १२-३१-१९९९ द्या. साल चारही आकड्यांत लिहा, कारण डॉसच्या ‘डेट’ आज्ञेला नुसतं ०० चालत नाही. वेळ द्या २३:५८. आणि ताबडतोब मशिन बंद करा.

‘बंद’ हा शब्द महत्त्वाचा. तपासणी केली म्हणणारे बहुतेक जण मशिन चालू ठेवून पडद्याकडे बघत बसतात, बारा वाजतात, ०१-०१-२००० दिसतं आणि सगळे खूश होतात. त्या तपासणीला फारसा अर्थ नाही. मशिन चालू असताना डॉस स्वतःचं वेगळं घड्याळ चालवतो, सेकंदाला १८.२ ठोक्यांचं, आणि त्याला २००० साल चांगलं माहीत आहे. खरी चिप वाचली जाते ती पुढच्या वेळी मशिन सुरू होताना. म्हणून बंद करा, पाच मिनिटं थांबा, त्याच फ्लॉपीवरून पुन्हा सुरू करा आणि मशिन कोणती तारीख सांगतं ते पाहा.

शनिवार, ०१-०१-२००० दिसलं तर हार्डवेअरपुरतं मशिन पास. पेंटियमचं असं व्हायची शक्यता दांडगी आहे.

०१-०४-१९८० दिसलं (महिना आधी, हे विसरू नका) तर लगेच नापास म्हणू नका. तिथंच ०१-०१-२००० तारीख द्या, बंद करा, पुन्हा सुरू करा. पुष्कळ ३८६ आणि ४८६ एकदा हातानं सांगितलं की ऐकतात. शतकाच्या बाइटमध्ये २० बसलं की चिपला पुढं फक्त ००, ०१, ०२ असं मोजायचं असतं. अशा मशिनला १ जानेवारीच्या सकाळी एकदा तारीख दिली की काम संपलं. त्यासाठी नवं मशिन घेणं म्हणजे चप्पलचा अंगठा तुटला म्हणून पाय बदलण्यासारखं आहे.

हातानं दिलेली तारीखही बंद केल्यावर टिकत नसेल, तर ऑटोएक्झेक.बॅट फाइलमध्ये ‘डेट’ एवढीच एक ओळ वाढवा. मशिन रोज सुरू होताना तारीख विचारेल आणि शिकणारी मुलं ती टाइप करतील. क्लाससाठी एवढं पुरे. हिशेबाच्या मशिनला हे पुरणार नाही, कारण कुणीतरी एक दिवस नुसतं एंटर दाबणारच.

२०९४ साल दिसलं तर १९९४-९५ च्या सुमाराचा, अवॉर्ड कंपनीच्या ४.५० मालिकेतला बायोस आहे, असं समजा. त्यातल्या काही आवृत्त्यांना ९४ च्या आधीचा आकडा मान्यच नाही. त्या ०० बघतात आणि तारीख सरळ २०९४ मध्ये नेऊन टाकतात, तीही प्रत्येक वेळी सुरू करताना. इथं एकतर बायोस बदलायचा किंवा रोज तारीख द्यायची.

बायोस बदलण्याबद्दल दोन शब्द. बोर्डावरच्या बायोस चिपवरचं लेबल जरासं उचलून पाहा. खाली काचेची गोल खिडकी दिसली तर ती साधी ईप्रॉम आहे, प्रोग्रॅमनं बदलता येत नाही. चिपच बदलावी लागते. लेबल लगेच परत चिकटवा. खिडकी नसेल तर ती फ्लॅश, म्हणजे प्रोग्रॅमनं बदलता येणारी, असू शकते. मशिन सुरू होताना पहिल्या पडद्याच्या तळाशी आकड्या-अक्षरांची लांबलचक ओळ येते. पॉज दाबून ती जशीच्या तशी उतरवून घ्या. बोर्ड कोणाचा, हे त्यावरून कळतं. दुसऱ्या बोर्डाची फाइल घातली, किंवा फ्लॅश चालू असताना वीज गेली, तर बोर्ड मुका होतो आणि फ्लॉपीसुद्धा वाचत नाही. यूपीएस नसेल तर या वाटेला जाऊ नका.

पास झालेल्या मशिनवर आणखी एक तारीख याच पद्धतीनं पाहा: ०२-२८-२०००, २३:५८. बंद करून सुरू केल्यावर २९ फेब्रुवारी, मंगळवार यायला हवा. आणि फ्लॉपी काढण्याआधी आजची तारीख-वेळ परत लावा. हे विसरलात तर दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या फायलींवर पुढच्या वर्षाचा शिक्का बसेल.

प्रश्न : आमच्या ४८६ वर रोज सकाळी तारीख मागं गेलेली असते. कधी कधी ‘सीमॉस चेकसम एरर’ असा संदेशही येतो. हेच ते वायटूके का? (तासगाव)

नाही, तारीख आणि सेटअपचे आकडे (सीमॉस म्हणजे तेच) जपणारी बॅटरी संपली आहे. नव्या बोर्डांवर रुपयाएवढी गोल सीआर२०३२ असते, ३ व्होल्टची. दुकानात सहज मिळते. जुन्या ४८६ वर बहुधा ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियमची नळकांडी डाखलेली असते. ती गळते. तिच्या आजूबाजूला हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर आधी तिचा बंदोबस्त करा, त्या रसानं बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाल्ल्या जातात. काही बोर्डांवर डलास कंपनीची काळी ठोकळ्यासारखी चिप असते, तिची बॅटरी आतच असते. ती चिपच बदलायची.

बॅटरी काढण्याआधी सेटअपमध्ये जाऊन हार्ड डिस्कचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर हे तीन आकडे कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. जुन्या बायोसला डिस्क आपली आपण ओळखता येत नाही. ते आकडे गेले की मशिन ‘हार्ड डिस्क फेल्युअर’ म्हणतं, आणि धडधाकट डिस्क फेकून दिली जाते. नवी बॅटरी बसल्यावरच वरची तपासणी करा. संपलेल्या बॅटरीवर केलेली तपासणी काहीच सांगत नाही.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचं ठेवींचं पॅकेज फॉक्सप्रो २.६ मध्ये आहे. ते करून देणारे आता पुण्याला असतात. पुढच्या जूनमध्ये पिकणाऱ्या ठेवींपैकी काहींचं व्याज बरोबर येतं, काहींचं उणे लाखांत. पडद्यावर सगळ्यांची मुदत १५/०६/०० अशीच दिसते. मग फरक कशाचा? (कराड)

पडद्यावर सारख्या दिसणाऱ्या या तारखा डिस्कवर सारख्या नाहीत. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलमध्ये (नोंदी साठतात त्या फाइलमध्ये) तारीख आठ अक्षरांत साठते: चार सालाची, दोन महिन्याची, दोन दिवसाची. म्हणजे शतक साठवायला जागा आहे, ते हरवतं टाइप करताना. ‘सेट सेंच्युरी’ ही चार आकडी सालाची सोय बंद असेल (मुळात ती बंदच असते) तर फॉक्सप्रो २.६ दोन आकड्यांच्या सालापुढं डोळे झाकून १९ लावतो. ठेव घेताना लेखनिकानं मुदतीची तारीख हातानं १५/०६/०० टाइप केली असेल तर आत १९०० साठलं. जिथं प्रोग्रॅमनं ठेवीच्या तारखेत दिवस मिळवून मुदत काढली, तिथं आत २००० आहे आणि ते बरोबर आहे.

१५ जून १९९८ ला १३ टक्क्यांनी ठेवलेले १०,००० रुपये घ्या. १५ जून २००० पर्यंत ७३१ दिवस होतात, त्यांचं सरळ व्याज २,६०३ रुपये ५६ पैसे. तीच मुदत १९०० ची धरली तर दिवस होतात उणे ३५,७९४, आणि व्याज उणे १ लाख २७ हजार ४८५ रुपये. ही चूक निदान डोळ्यांत भरते. भीती आहे ती छोट्या चुकीची. २००० हे लीप वर्ष आहे (४०० नं भाग जातो म्हणून, १९०० नव्हतं). दिवस मोजायचा हिशेब कुणी स्वतः लिहिला असेल आणि त्यात २००० लीप धरलं नसेल, तर ७३१ चे ७३० होतात आणि त्याच ठेवीवर ३ रुपये ५६ पैसे कमी येतात. ते कुणाच्या लक्षात येत नाही, थेट ऑडिटमध्ये येतं. म्हणून २९ फेब्रुवारी ओलांडणाऱ्या दोन-चार ठेवींचं व्याज कागदावर काढून ताडून पाहा.

२९ फेब्रुवारीचीच आणखी एक गंमत. त्या दिवशी पिकणाऱ्या ठेवीची तारीख २९/०२/०० टाइप केली की पॅकेज ती घेतच नाही, चूक म्हणून परत करतं. त्याच्या दृष्टीनं ते १९०० आहे आणि त्या साली २९ तारीखच नव्हती. मग लेखनिक २८ किंवा १ मार्च टाकून पुढं जातो आणि पावतीवर एक तारीख, खात्यावर दुसरी. यंदा घेतलेल्या ठेवींत असं झालंय का, हे आजच बघा.

दुरुस्ती अशी. सर्वांत आधी सगळ्या डीबीएफ फायलींची दोन वेगळ्या फ्लॉपी-संचांवर नक्कल घ्या. मग मुख्य प्रोग्रॅमच्या सुरुवातीला ‘सेट सेंच्युरी ऑन’ ही ओळ घाला. मूळ प्रोग्रॅम हाताशी नसेल, फक्त तयार फाइल असेल, तर कॉन्फिग.एफपी मध्ये ‘सेंच्युरी = ऑन’ लिहून पाहा. प्रोग्रॅमनं आतून ते पुन्हा बंद केलेलं नसेल तर एवढ्यावर भागतं. यानं तारखेची रुंदी ८ वरून १० अक्षरं होते. एंट्रीच्या पडद्यावर शेजारचा रकाना झाकला जाईल, आणि ८० स्तंभांच्या कागदावर खच्चून बसवलेल्या रिपोर्टची शेवटची रक्कम खालच्या ओळीत उतरेल. हे होणारच, तेव्हा छपाईच्या नमुन्यांसाठी दोन दिवस राखून ठेवा.

जुन्या नोंदी शोधायला: ‘ब्राउझ फॉर बिट्वीन(इयर(मुदत),१९००,१९२९)’. ‘मुदत’च्या जागी तुमच्या फील्डचं नाव. नुसतं ‘१९३० पेक्षा कमी’ असं विचारलंत तर रिकाम्या तारखाही यादीत येतील, कारण रिकाम्या तारखेचं साल फॉक्सप्रो शून्य देतो. यादी कागदावर काढा, पावतीपुस्तकाशी ताडा, आणि मगच ‘रिप्लेस ऑल मुदत विथ गोमंथ(मुदत,१२००) फॉर’ आणि पुढं वरचीच अट. १२०० महिने म्हणजे शंभर वर्षं. ही आज्ञा जन्मतारखेच्या फील्डवर चुकूनही चालवू नका. १९१८ साली जन्मलेले तुमचे सभासद २०१८ साली जन्माला येतील.

यापुढं साल चार आकडी टाइप करायची सवय लावा. सवय लागेपर्यंत कुणीतरी दोनच आकडे बदलून ००९९ असलं साल घालणार, म्हणून एंट्रीच्या ओळीला ‘व्हॅलिड इयर(मुदत) >= १९९०’ अशी अट जोडा. पॅकेज क्लिपर ५ मध्ये (फॉक्सप्रोसारखीच दुसरी भाषा) असेल तर मात्र सगळं सोपं आहे. ‘सेट इपॉक टू १९३०’ ही एक ओळ घातली की ०० ते २९ म्हणजे २०००-२०२९ आणि ३० ते ९९ म्हणजे १९३०-१९९९. पडदे, रिपोर्ट जसेच्या तसे राहतात.

प्रश्न : मी कारखान्याच्या गट कार्यालयात ऊस नोंदीचं काम बघतो. लागण तारीख आम्ही वर्ष-महिना-दिवस अशी सहा आकड्यांत ठेवतो आणि तिच्या क्रमानं तोडणी प्रोग्रॅम लावतो. जानेवारीत काही अडचण येईल का? (वाळवा तालुका)

जानेवारीत येणार नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. पुढच्या गळिताच्या तोंडाला येईल.

जुलै ९९ ची आडसाली लागण तुमच्याकडे ९९०७१५ अशी आहे. येत्या जानेवारीची, ‘सुरू’ हंगामाची लागण ०००११५ अशी नोंदली जाईल. अक्षरांच्या क्रमात ०० हे ९९ च्या आधी. २००० च्या ऑक्टोबरात तोडणी प्रोग्रॅम काढाल तेव्हा नऊ महिन्यांचा सुरू ऊस यादीत वर आणि पंधरा महिन्यांचा आडसाली तळाला. कोयते कोवळ्या उसात आणि तुरे आलेला उभा. सभासद कार्यालयात येऊन जे बोलतील ते इथं छापता येणार नाही.

आधीच्या नोंदींना हात लावायची गरज नाही. इंडेक्स (नोंदींचा क्रम लावणारी सूची) बदला: पहिले दोन आकडे ५० पेक्षा कमी असतील तर पुढं ‘२०’, नाहीतर ‘१९’ जोडून इंडेक्स बांधा. फॉक्सप्रोत ‘इंडेक्स ऑन आयआयएफ(लेफ्ट(लागण,२)<"५०","२०","१९")+लागण’. फील्ड तारखेच्याच प्रकारचं असेल तर ‘डीटीओएस’ वापरा, ते तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमानं देतं. ‘डीटीओसी’नं बांधलेला इंडेक्स ब्रिटिश पद्धतीत आधी दिवस बघतो, तो आजही चुकीचाच क्रम लावत असणार. मग खोट्या दोन नोंदी घाला, एक जुलै ९९ ची आणि एक जानेवारी २००० ची, यादी काढा आणि नोंदी पुसा. खोडव्याच्या नोंदीत मागच्या तोडणीची तारीख धरत असाल तर तिलाही हाच नियम लावा.

प्रश्न : हळदीची अडत आहे. हिशेबाचं पॅकेज दर आर्थिक वर्षाला नवी डिरेक्टरी करतं: ९७९८, ९८९९, ९९००. आमचं वर्ष ३१ मार्चला संपतं, तेव्हा एप्रिलपर्यंत निवांत राहिलं तर चालेल ना? (मार्केट यार्ड, सांगली)

नाही. २० डिसेंबरच्या पट्टीची ३० दिवसांची उधारी १९ जानेवारीला येते. थकबाकीची यादी आणि उशिराचं व्याज जानेवारीतच बिघडेल. आजच एका खोट्या खात्यावर २०/१२/९९ चं बिल करा, त्याची वसुली १९/०१/०० ला दाखवा आणि खातेउतारा काढा. वसुलीची ओळ बिलाच्या वर छापली गेली, किंवा दिवस उणे आले, तर पॅकेजवाल्याला आजच गाठा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो फोन उचलणार नाही.

डिरेक्टरीची अडचण मात्र एप्रिलचीच आहे. पुढची होईल ०००१. ‘सर्वांत मोठा आकडा म्हणजे चालू वर्ष’ असं गृहीत धरणारं पॅकेज तुम्हाला ९९०० मध्येच ठेवेल, आणि मागील बाकी ओढताना ०००१ च्या आधीचं वर्ष सापडणार नाही. नक्कल केलेल्या डेटावर वर्षअखेर आत्ताच एकदा चालवून बघा.

बॅकअप फ्लॉपींवर घेत असाल तर तो दुसऱ्या मशिनच्या ड्राइव्हवर उघडतो का, हे पाहिल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नका. ड्राइव्हचं हेड जरा सरकलेलं असलं की ते मशिन आपलं लिहिलेलं आपणच वाचतं, बाकी कुणाला ते वाचता येत नाही. आणि ३१ डिसेंबरपर्यंतचे खातेउतारे कागदावर छापून ठेवा. डॉट मॅट्रिक्सची रिबन आधी बदला.

प्रश्न : डीटीपीच्या मशिनवर विंडोज ३.१ आहे. तारीख पुढं करून पाहिली तर फाइल मॅनेजरमध्ये सालाच्या जागी ‘:०’ असं चिन्ह येतं. फायली खराब झाल्या का? (मिरज)

फायली ठणठणीत आहेत. फाइल मॅनेजर सालातून १९०० वजा करतो आणि उरलेल्याचे दशक व एकक वेगळे छापतो. २००० ला उरतात १००, म्हणजे दशकाच्या जागी दहा. आस्की कोष्टकात (कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या ठरलेल्या यादीत) ९ च्या पुढचं चिन्ह अपूर्णविराम आहे, म्हणून ‘:०’. पुढच्या साली ‘:१’ दिसेल. मायक्रोसॉफ्टनं सुधारलेली विनफाइल.ईएक्सई दिली आहे. जुनी फाइल दुसऱ्या नावानं ठेवून ती विंडोजच्या डिरेक्टरीत टाका. नाही टाकली तरी पुस्तकाची पानं लागायची थांबत नाहीत.

प्रश्न : दवाखान्याची रुग्णनोंद एक्सेल ९७ मध्ये आहे. एका आजींचं वय उणे २६ आलं! (वाई)

आजींचं जन्मसाल तुम्ही नुसतं २५ टाइप केलंत. एक्सेल ९७ ला ०० ते २९ म्हणजे २००० ते २०२९. एक्सेल ९५ मध्ये ही रेघ १९ वर होती, तिथं २५ चे १९२५ झाले असते. म्हणजे दोन मशिनवर एकच आकडा टाइप करून दोन वेगवेगळी वयं. आधी साठलेल्या तारखा बदलत नाहीत, नव्यानं टाइप करताना घोळ होतो. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनल सेटिंग्ज, डेट, आणि तिथं छोट्या तारखेचा नमुना ‘डीडी/एमएम/वायवायवायवाय’ करा. त्यानं टाइप करायची चूक थांबत नाही, पण २०२५ लगेच डोळ्यांना दिसतं. १९३० पूर्वी जन्मलेल्या प्रत्येकाचं साल पूर्ण लिहा.

जाता जाता: टास्कबारवरच्या घड्याळावर डबल क्लिक करून पुढच्या महिन्याचा वार बघायचा आणि ‘ओके’ दाबून बाहेर पडायचं, ही खोड मोडा. त्यानं मशिनची तारीख खरोखर बदलते. भिंतीवरचं कॅलेंडर बघा.

प्रश्न : नवं शतक २००० ला सुरू होतं की २००१ ला? (महाबळेश्वर)

२००१ ला. कॉम्प्युटरला त्याचं सोयरसुतक नाही.

प्रश्न : ३१ तारखेच्या रात्री मशिन चालू ठेवावं की बंद? मोडेमही आहे. (फलटण)

बंद. चालू ठेवून काही कळत नाही, ते वर सांगितलंच आहे, आणि त्या रात्री वीज खालीवर झाली तर उगाच नुकसान. संध्याकाळी शेवटचा बॅकअप घ्या, मशिनची आणि मॉनिटरची पिन काढा, मोडेमची टेलिफोनची वायरही काढून ठेवा. १ जानेवारी शनिवार आहे. सकाळी आधी फ्लॉपीवरून सुरू करून तारीख पाहा, चुकीची असेल तर द्या, बंद करून पुन्हा एकदा पाहा, आणि मगच हार्ड डिस्कवरून हिशेबाचं पॅकेज उघडा. उलटं केलंत आणि पॅकेज १९८० मध्ये उघडलं, तर पहिलीच व्हाउचर वीस वर्षं मागच्या तारखेनं पडतील. ती शोधून काढण्यातच सोमवार जाईल.